बेगमीची कॉफी

एका गावात एक कोतवाल होते, एवढं सांगून पुढे जाता आलं असतं तर बरं झालं असतं. पण कोतवालांच्या मिशांना वगळून पुढे जायची त्या गावात कुणाची छाती नव्हती, मग गोष्ट सांगणाऱ्याची काय कथा. मिशा जाड, टोकं वर वळलेली, आणि कोतवाल नुसते खाकरले तरी गल्लीतली कुत्री आपापल्या मालकाच्या घरी जाऊन बसत.

कोतवाल म्हातारे झाले आणि त्यांनी काम सोडलं. निरोपाच्या दरबारात राजाने त्यांना एक यंत्र भेट दिलं. पितळेचं, चकचकीत, आपोआप कॉफी करणारं. वरच्या भांड्यात पाणी ओतायचं, मधल्या गाळणीत कॉफीची पूड घालायची, कळ दाबायची. मग यंत्र घरघरायचं, फुसफुसायचं, आणि खालच्या चंबूत कॉफी जमा झाली की टुण्ण करून घंटा वाजायची.

ज्या कारागिराने ते बनवलं होतं, तो हात जोडून सांगू लागला, "साहेब, यंत्र काम आपोआप करतं, पण आपण त्यात जे घालू तेच ते बाहेर देतं. पूड लागेल तशी ताजी दळावी, मोजून घालावी, यंत्र आतून धूत जावं, आणि रोज एक घोट स्वतः..."

"आपोआप करतं ना?" कोतवालांनी विचारलं.

"हो साहेब, पण..."

"मग झालं तर," कोतवाल म्हणाले, आणि यंत्र पालखीत घालून घरी आले.

कोतवालांना कॉफीची आवड होती असं मुळीच नाही. ते स्वतः ताक पीत. त्यांना हवी होती ती माणसं. कामावर होते तेव्हा दिवसभर माणसांचा राबता असे. आता संध्याकाळ झाली की ओट्यावर एकट्याने बसावं लागे, आणि एकट्याने बसणं त्यांना भारी जड जाई. कॉफीचा वास सुटला की चार मंडळी ओट्यावर येतील, गप्पा होतील, आपण चोर पकडल्याच्या गोष्टी सांगू, एवढाच त्यांचा हिशेब होता.

यंत्र घरात आलं तसं कोतवालीणबाईंनी त्याला हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर तुळशीचं पान ठेवलं. इथवर सगळं रीतीला धरून झालं. पुढे कोतवालांनी कारभार हातात घेतला.

"अहो, थोडीशीच कॉफी आणा. लागेल तशी दळू," बाई म्हणाल्या.

"घरात वर्षाचं तिखट असतं, वर्षाचे पापड असतात, वर्षाच्या कुरडया असतात," कोतवाल म्हणाले. "मग कॉफीनेच काय घोडं मारलंय?"

झालं. उन्हाळ्याचे दिवस, घरोघर बेगमीची धांदल. ज्या उखळात आदल्याच दिवशी वर्षाच्या मिरच्या कुटल्या होत्या, त्याच उखळात वर्षाची कॉफी कुटली गेली. पूड बरणीत भरली आणि बरणी गेली मसाल्याच्या फडताळात, हिंगाच्या डब्याला खेटून. बाई बोलू लागल्या, तसे कोतवाल, "बायकांना कॉफीतलं काय कळतं," म्हणून खाकरले.

पहिल्या दिवशी तीन पाहुणे आले. एक वैद्यबुवा, एक पंतोजी आणि एक शिंपी. पाहुण्याला मोजून देणं म्हणजे दळभद्रेपणा, म्हणून कोतवालांनी गाळणीत ओंजळ ओंजळ पूड ओतली. कळ दाबली. टुण्ण वाजलं. दूधसाखर घालून पेले पुढे आले. पाहुण्यांच्या आधी यजमानाने तोंड लावायचं नाही ही घरची रीत, आणि पाहुण्यांच्या नंतर कोतवाल ताक पीत. त्यामुळे आत काय झालंय ते त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

शिंप्याने पहिला घोट घेतला आणि त्याचे डोळे पाण्याने भरले. "छान आहे," तो म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

पंतोजींच्या कपाळावर घाम आला. "उत्तम," ते म्हणाले.

वैद्यबुवा जुने जाणते. "कोतवालसाहेब, अशी कॉफी मी जन्मात प्यालो नाही," ते म्हणाले, आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं. वर त्यांनी, "थोडी घरीही नेतो," म्हणून उरलेली कॉफी लोट्यात भरून घेतली. कोतवालांना धन्य वाटलं.

पण कौतुक होत राहिलं आणि माणसं गळत गेली. शिंपी म्हणाला, आत्याच्या नणंदेकडे बारसं आहे. नंतरही त्याच घरी पुन्हा बारसं निघालं, तेव्हा कोतवालांना आठवलं की ती नणंद सत्तरीच्या पुढे आहे. वैद्यबुवा म्हणाले की अधिक महिना असल्याने त्यांनी कॉफी सोडली आहे. अधिक महिना मागल्या वर्षी होऊन गेला होता. पंतोजी तर स्वतः दारात आले आणि, "माझं मौन आहे, मी येऊ शकत नाही," असं स्पष्ट शब्दांत सांगून गेले.

कोतवाल ओट्यावर बसून राहत. आत घंटा वाजे, कॉफी निवून जाई, रस्त्याने जाणारी माणसं त्यांच्या घरापाशी आली की पाय उचलून चालत. आपलं काय चुकलं हे त्यांना कळेना, आणि विचारायचं कुणाला हेही कळेना. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना जाब विचारले होते, सल्ला कधीच नाही.

एका संध्याकाळी मात्र त्यांना राहवलं नाही. काठी घेऊन ते बाहेर पडले. शिंप्याच्या घरावरून जाताना आतून मोठ्याने हसणं ऐकू आलं. कोतवाल खिडकीखाली थांबले. आत तिघेही बसले होते आणि गुळाचा फिक्का चहा भुरकत होते.

"कॉफीला फोडणी देतात हे मला म्हातारपणी कळलं," पंतोजी म्हणत होते.

"मी घरी नेली ना, ती एका रोग्याला जंतांवर दिली," वैद्यबुवा म्हणाले. "तीन वाड्यांचे वैद्य थकले होते हो. एका पेल्यात गुण आला."

पुन्हा हसणं झालं. मग शिंपी म्हणाला, "आपण सांगायला हवं त्यांना. माणूस मायाळू आहे. आपण जात नाही तर एकटेच बसलेले असतात."

"मग तुम्ही सांगा," वैद्यबुवा म्हणाले.

"मी कसा सांगू? पंतोजी शिकलेले आहेत."

"माझं मौन आहे," पंतोजी म्हणाले. "खरं सांगू का, त्या मिशा बघितल्या की जीभ टाळ्याला चिकटते."

कोतवालांची मूठ काठीवर आवळली. एक खाकरणं, आणि आतल्या तिघांचा चहा तिथल्या तिथे सांडला असता. एवढा अपमान त्यांचा कुणी केला नव्हता. पण 'एकटेच बसलेले असतात' हे शब्द त्यांच्या छातीत रुतून बसले. रागापेक्षा त्यांना रडूच जास्त येत होतं. ते तसेच मागे फिरले.

घरी येऊन ते म्हणाले, "मला पेलाभर कॉफी दे."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि पेला भरून दिला. कोतवालांनी मोठा घोट घेतला. आधी कडू लागली. मग जळकट. मग हिंग आला, आणि गिळून झाल्यावर घशात मिरची उतरली. मिशांची टोकं सरळ खाली आली. आयुष्यात पहिल्यांदा.

"तू सांगितलं का नाहीस?" श्वास आल्यावर त्यांनी विचारलं.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बायकांना कॉफीतलं काय कळतं."

कोतवालांनी पेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते जिद्दीने कामाला लागले. पाणी बदललं, पूड निम्म्याहून कमी केली, गाळणीचं फडकं बदललं, दूध वाढवलं. कोमट धुवण निघालं. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा सगळं उलटं फिरवलं, तर आधीपेक्षा वाईट. कशाने बिघडलं आणि कशाने सुधारेल, काही उमजेना. कोतवाल यंत्रावर खेकसले. यंत्र कसलं घाबरतंय.

बाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, गावात चोरी झाली की तुम्ही अख्खा गाव कोठडीत घालत होता का?"

"छे. तसा चोर सापडतो कधी? एकेकाला बोलवायचं, विचारायचं, सोडायचं, मग दुसरा."

"मग इथेही एकेकालाच बोलवा की."

कोतवालांनी कपाळाला हात लावला. हा तर त्यांचा धंदाच होता.

आधी पाण्याची चौकशी झाली. घरच्या आडाचं पाणी मचूळ. त्यात डाळसुद्धा शिजत नाही म्हणून बाई वरणाला झऱ्याचं पाणी आणत. वरणाला जे कळतं ते कॉफीला का कळू नये? कोतवालांनी झऱ्याचं पाणी घातलं, बाकी सगळं तसंच ठेवलं, आणि स्वतः पेलाभर प्याले. मिरची लागलीच, पण मचूळपणा गेला होता. एक आरोपी सापडला.

मग बरणी हजर केली. झाकण उघडताच कोतवालांना सटासट शिंका आल्या, म्हणजे तिने गुन्हा कबूलच केला. वर्षाची बेगमी परसात मुंग्यांच्या वारुळाभोवती पसरली गेली. मुंग्यांनी गाव सोडलं म्हणतात. आता कोतवाल रोज मूठभर दाणे जात्यावर स्वतः दळू लागले, आणि दळता दळता त्यांना ज्या दोन ओव्या आल्या त्या ऐकून बाई पदराआड हसल्या.

"पण मोजून घालायची म्हणजे पाहुण्यासमोर हात आखडल्यासारखं होतं," कोतवाल कुरकुरले.

"पाहुणा मोठा म्हणून आमटीत ओंजळभर मीठ घालता का?"

कोतवालांनी निमूटपणे चमचा घेतला. एक दिवस एक चमचा जास्त, एक दिवस एक कमी, आणि रोजचा पेला स्वतःच्या घशाखाली. चांगली झाली तरी प्यायची, वाईट झाली तरी प्यायची, अशी शिक्षा त्यांनी स्वतःलाच सुनावली होती.

शेवटी राहिलं ते यंत्राचं पोट. पूजा झालेल्या वस्तूला राखचिंच लावायची नाही, असा हुकूम कोतवालांनीच काढला होता. तो मागे घेऊन त्यांनी यंत्र उघडलं. आत जुन्या कॉफीचा थर बसला होता, थरात अक्षता होत्या, कुंकू होतं, आणि तळाशी तुळशीचं पान होतं. चिंचेचं पाणी घालून कळ दाबली तशी यंत्राला ढास लागली आणि आतून क्षाराच्या खपल्या पडू लागल्या. झऱ्याचं पाणी पुन्हा पुन्हा फिरवून आंबटपणा गेल्यावर कोतवालांनी कॉफी लावली.

टुण्ण वाजलं. कोतवालांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं करायची तयारी केली. तोंड वाकडं होईना. त्यांनी दुसरा घोट घेतला. मग बाईंना पेला भरून दिला. बाईंनी तो संपवला आणि काही न बोलता पुन्हा पुढे केला.

त्या दिवशी कोतवाल काठी घरी ठेवून तिघांच्या दारी गेले. "संध्याकाळी या," एवढंच म्हणाले. तिघांना वाटलं, आता आपली खैर नाही. शिंप्याने निघताना बायकोला दुकानाच्या चाव्या देऊन ठेवल्या.

पेले पुढे आले. तिघांनी डोळे मिटून घोट घेतला.

"छान आहे," शिंपी म्हणाला.

"उत्तम," पंतोजी म्हणाले.

"अशी कॉफी जन्मात प्यालो नाही," वैद्यबुवा म्हणाले.

कोतवालांचं मन एकदम खट्टू झालं. मिरची होती तेव्हाही हेच शब्द, आणि आता एवढी राबून केलेली कॉफी, तरी तेच शब्द. मग आपण सुधारलो की नाही हे कळायचं कसं? आणि ही माणसं उद्या येणार की उद्या पुन्हा कुणाचं बारसं?

"मी त्या संध्याकाळी खिडकीखाली उभा होतो," कोतवाल म्हणाले.

वैद्यबुवांनी हळूच आपल्या वहाणांकडे पाहिलं.

"तुम्ही खोटं बोललात याचा मला राग नाही. खरं बोलायला तुम्हाला माझी भीती वाटली, याची मला लाज वाटते. यंत्र मी तुमच्यासाठी चालवतो. मला एकट्याला बसवत नाही. आता जे असेल ते सांगा."

शिंप्याने आणखी एक घोट घेतला. "साखर," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "चिमूटभर जास्त झालीय."

कोतवाल उठले. शिंप्याने डोळे मिटले. कोतवालांनी त्याच्या हातातला पेला घेतला, आत गेले आणि दुसरा भरून घेऊन आले. "आता बघा."

शिंप्याने घोट घेतला, जिभेवर घोळवला. "हं. आता जमली."

कोतवालांचे डोळे भरून आले. मिशा पुसण्याचं निमित्त करून ते डोळे पुसत होते, तेवढ्यात वैद्यबुवांना धीर आला. "मला जरा गरम चालेल," ते म्हणाले.

"माझ्यात दूध कमी घाला," पंतोजी म्हणाले. "आणि बोलतोच आहे तर सांगतो. त्या चोराच्या गोष्टीत पूर्वी एकच चोर होता. आता सात झालेत. एकावरच आणा तिला."

आतून बाईंचं हसू ऐकू आलं, आणि मग कोतवालही असे हसले की गल्लीतली कुत्री काय झालं म्हणून बघायला बाहेर आली. त्या संध्याकाळी ओट्यावर इतक्या तक्रारी झाल्या की चौकीवर वर्षभरात झाल्या नसतील. दुसऱ्या दिवशी तिघेही न बोलावता आले, आणि शिंपी आपल्या मेव्हण्यालाही घेऊन आला.

तात्पर्य: कळ दाबली की कॉफी आपोआप येते, पण चव यायला यजमानाला आधी स्वतः घोट घ्यावा लागतो, आणि ज्याच्या घरी पाहुणा बेधडक खोट काढतो, त्याच्याच घरी तो उद्या पुन्हा येतो.