गिरिजाक्कांचा उजवा पाय

एकदा एक वृद्ध वैद्य श्रीरंग नावाच्या आपल्या शिष्याला घेऊन एका विणकर बाईंच्या घरी गेले. गिरिजाक्का त्यांचे नाव. मागावर बसल्या असतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. प्राण वाचले, वाचाही परतली; पण उजवा पाय लाकडासारखा पडून राहिला.

"पायाला सांगून सांगून थकले," अक्का म्हणाल्या. "आता सांगणंच सोडलंय."

वैद्यांनी बोरूचे टोक त्यांच्या तळव्यावरून ओढले. तोच तो निर्जीव पाय घोट्यात, गुडघ्यात दुमडून वर आला. अक्का त्याच्याकडे परक्याच्या पायाकडे पाहावे तशा पाहत राहिल्या.

"मी नाही हलवला."

"ठाऊक आहे. आता मी बोरू ओढीन, त्याच क्षणी तुम्हीही पाय उचलायचा."

मग रोज सकाळी हेच चालले. बोरू फिरे, वैद्य "उचला" म्हणत, पाय वर येई आणि अक्का डोळे मिटून जोर लावत. बरेच दिवस लोटले. श्रीरंगाला राहवेना. वाटेत तो म्हणाला, "गुरुजी, क्षमा करा. झोपलेल्या माणसाचा तळवा डिवचला तरी पाय आखडतो. यात अक्कांचे कर्तृत्व ते काय? आपण त्यांना खोटी आशा तर लावत नाही?"

"शंका रास्त आहे," एवढेच म्हणून वैद्य चालत राहिले.

एके सकाळी ते नेहमीसारखे "उचला" म्हणाले, पण बोरू तळव्याला टेकवलाच नाही. गुडघा थरथरला आणि अंथरुणावरून किंचित वर आला. दारात उभ्या असलेल्या अक्कांच्या सुनेने हातातले भांडे आवाज न करता खाली ठेवले.

"बोरू लागला का?" अक्कांनी विचारले.

"नाही."

"मग कोणी उचलला?"

"तुम्ही."

अंगणात आल्यावर वैद्य श्रीरंगाला म्हणाले, "मेंदूकडून पायाकडे येणारी वाट झटक्याने मोडली होती. तळव्यापासून कण्यापर्यंत जाऊन परतणारी वाट मात्र शाबूत होती. त्या वाटेने मी पाय हलवत होतो आणि नेमके तेव्हाच अक्कांच्या इच्छेला हाक मारत होतो. हालचाल आणि इच्छा अशा वारंवार एकत्र आल्या, की मेंदू कधी कधी नवी वाट पाडतो. ती कशी पाडतो, हे मलाही पुरते उमगलेले नाही. प्रत्येकाच्या बाबतीत पाडतोच असेही नाही. म्हणून मी अक्कांना वचन दिले नाही. हाक मारणे तेवढे थांबवले नाही."

दुसऱ्या दिवसापासून "उचला" हा शब्द श्रीरंगच उच्चारू लागला.

पुढे अक्का काठी टेकत, पाय जरासा ओढत, अंगणात उतरू लागल्या. एकदा पायरीवर त्या अडखळल्या. श्रीरंगाने सावरायला हात पुढे केला.

"थांब बाबा," त्या खाली पाहत हळूच म्हणाल्या, "तो येतोय."