न बोचलेला खडा

एकदा लिंबाजी नावाचा एक कुंभार वृद्ध वैद्यांच्या दारी आला, तो हातात फुटका माठ घेऊन. मागून त्याची बायको कोंडाबाई आली. तिच्या हातात त्याची एक चप्पल होती. वाटेत ती पायातून निसटून मागे राहिली होती आणि त्याला ते कळलेच नव्हते. तिने त्याला पायासाठी म्हणून हट्टाने आणले होते. त्याचे गाऱ्हाणे मात्र निराळेच होते.

"वैद्यबुवा, पायाला काय बी झालं न्हाई," लिंबाजी म्हणाला. "ह्या बाईला चार शब्द सांगा. हिच्यापायी माजं तीन आवं फुटलं."

लिंबाजीचे म्हणणे असे. माती चाळायचे काम बायकोचे आणि ती तुडवायचे काम त्याचे. मातीत चुनखडीचा खडा राहिला तर मडके आव्यात, म्हणजे भट्टीत, भाजताना फुटते. आता चाळणीतून एखादा खडा निसटायचाच, पण तुडवताना तो लिंबाजीच्या तळपायाला बोचे. मग तो वाकून खडा काढी आणि नंतरच माती चाकावर चढे. तीस वर्षे हेच चालले होते. गेल्या वर्षापासून मात्र मडक्यांमागून मडकी फुटू लागली. बायको नीट चाळत नाही, असे ठरवून तो तिला उठता-बसता टाकून बोलू लागला. प्रारंभी ती उत्तर देई, रडे, भांडे. पुढे तिने बोलणेच सोडले.

"बगा, चूक हाय म्हनून गप हाय," लिंबाजी म्हणाला.

वैद्यांनी त्याला ओसरीवर आडवे केले, डोळे मिटायला लावले आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा चिमटीत घट्ट धरला.

"सांग बरं, कोणतं बोट धरलंय?"

लिंबाजी थोडा वेळ वाट पाहत राहिला. मग म्हणाला, "धरा की आदी."

कोंडाबाईने पदर तोंडाशी नेला. मग वैद्य एका पिसाचे टोक त्याच्या अंगावरून फिरवत पायापासून वर वर गेले. बेंबीपर्यंत लिंबाजीला काहीच लागले नाही.

"लिंबाजी, तुझ्या बायकोची चाळणी चांगली आहे," वैद्य म्हणाले. "आपल्या कण्याच्या आत एक दोर असतो, मज्जारज्जू. पायाची खबर त्यातून वर येते आणि चालायचा हुकूम त्यातूनच खाली जातो. तुझा तो दोर आतून चेपत चालला आहे. खडा पायाखाली असतो, पण खबर येत नाही. पुढे पायही उचलेनासे होतील. माझ्याजवळ याला औषध नाही."

वैद्यांचा एक शिष्य जवळच उभा होता. चांगला तिशीचा, अकरा वर्षे शिकलेला, मनाने कोवळा आणि तितकाच उतावळा. औषध नाही, हे शब्द त्याला सहन होईनात. गुरूंना न सांगता तो रोज लिंबाजीच्या घरी जाऊन फडक्यात गुंडाळलेल्या तापल्या विटेने त्याचे पाय शेकू लागला.

"गरम लागतंय का?" तो विचारी.

"न्हाई. अजून तापवा," लिंबाजी सांगे. मोठ्या आशेने सांगे बिचारा.

शिष्य वीट आणखी तापवी. चौथ्या दिवशी फडके उचलले, तर त्याच्याबरोबर पोटरीचे कातडे निघून आले. लिंबाजी त्या वेळी रांजणाचा गळा कसा ओढावा, ते हसतहसत सांगत होता.

शिष्य धावत गुरूंकडे आला. "मी विचारलं होतं, गुरुजी. प्रत्येक वेळी विचारलं होतं."

वैद्य रागावले नाहीत. त्यांनी जाऊन जखम धुतली, बांधली आणि एवढेच सांगितले, "उद्यापासून लिंबाजीची माती तू तुडव."

ही शिक्षा की प्रायश्चित्त, शिष्याला उमगेना. त्याने पोथ्या मिटल्या आणि धोतर खोचून तो चिखलात उतरला. महिना गेला. एव्हाना लिंबाजीचे पाय पुरते गेले होते, तो अंगणातल्या बाजेवर पडून असे. एके सकाळी वैद्य त्याची जखम धूत असताना शेजारी माती तुडवणारा शिष्य एकदम कळवळला.

"काय झालं?"

"खडा बोचला, गुरुजी."

"काढलास?"

"काढला."

"आणि बोचलाच नसता तर?"

शिष्य तळपायाचे रक्त पुसू लागला. वैद्य हातातले काम न थांबवता बोलू लागले.

"दुखणं हे दारातलं राखणीचं कुत्रं आहे. भुंकतं तोवर आपण त्याला शिव्या घालतो. ते मेलं की घर शांत होतं, आणि त्या शांततेला आपण सुख समजतो. तू विचारलंस, पण ज्या पायाला उत्तर देता येत नव्हतं, त्याला विचारलंस. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं धरून चाललास. जिथून हाक येत नाही, तिथे आपण होऊन जावं लागतं. रोज जावं लागतं, डोळ्यांनी बघावं लागतं. हा पाय बरा होणार नाही. तरी त्याला बघणारं कुणीतरी हवं."

लिंबाजी बाजेवरून ऐकत होता. समोर कोंडाबाई माती चाळत बसली होती.

"कोंडे," तो म्हणाला, "वरीसभर मी तुला नगं नगं ते बोललो. तू गप झालीस तवा मला वाटलं, हिला आता लागत न्हाई."

चाळणी थांबली. कोंडाबाईने वर पाहिले नाही.

"लागत हुतं," ती म्हणाली आणि पुन्हा चाळू लागली.

लिंबाजीची ती जखम अखेरपर्यंत भरली नाही. शिष्य मात्र रोज सकाळी जाऊन आधी ती बघे, आणि मग मातीत उतरे.

आपल्या घरात अलीकडे कोण गप्प झाले आहे, ते आज एकदा उठून बघावे.