तारळकरांची बिनछपराची माडी

पेठेत आलेला पाहुणा आधी इथेच थांबतो. खाली सागवानी खांब, दारांवर चुन्यातले सिंह, आणि वरच्या मजल्यावर छप्परच नाही. नुसत्या भिंती, त्यांतून दिसणारं आभाळ. गेल्या वर्षी कुणीतरी 'वैभवशाली वारसा' अशी पाटीही लावून गेलं. वैभव! ते सिंह नीट बघा, मांजरासारखे दिसतात. बांधणाऱ्याची छातीही तेवढीच होती.

त्याचं नाव नागूशेठ तारळकर. जन्माने आमच्यासारखाच कोष्टी. बापाचा माग होता, पण याला मागावर बसायची लाज वाटे. दुसऱ्यांनी विणलेलं कापड विकून त्याने ही माडी उठवली आणि मग सख्ख्या काकालाही "आपण कोण?" म्हणून विचारू लागला, असं सांगतात. गावचे पंच दिवसभर याच्या ओट्यावर पानं चघळत पडलेले. शेठ हसला की हसायचं, शेठ खोकला की पाणी आणायला धावायचं. गावाचा न्याय करायला त्यांना सवड कुठली?

अशात प्लेगचं साल आलं. शेजारच्या गावात उंदीर पडू लागल्याची खबर नागूशेठला सगळ्यांच्या आधी लागली. दुसरा कुणी असता तर त्याने गाव सावध केलं असतं. याने कोष्टीवाड्यात होतं नव्हतं ते सगळं पांढरं कापड गोड बोलून उचललं आणि माडीत कोंबलं. आता कशाची गरज पडणार, हे त्याने ओळखलं होतं.

गावात माणसं जाऊ लागली. घरात प्रेत ठेवून लोक माडीच्या दारात यायचे. नागूशेठ म्हणायचा, "कापड न्या की. पैसे कोण मागतंय? घरची फणी तेवढी आणून ठेवा."

फणी म्हणजे मागाचा कंगवा. ताण्याचे धागे तिच्यातून जातात. ती गेली की माग म्हणजे सरपण. सगळ्या फण्या ताब्यात आल्या की सगळा कोष्टीवाडा आपल्या दारात राबेल, असा त्याचा हिशेब. लोकांनी रडत रडत फण्या आणून दिल्या. आणि ओट्यावरचे पंच म्हणे एकमेकांना सांगत, "शेठचं मन मोठं. रोख मागत नाहीत."

कोष्टीवाड्यात गिरजा दिवटे नावाची बाई होती. तिचा नवरा येसबा प्लेगने गेला, तशी तीही आली.

"शेठ, तो वरचा तागा माझ्या हातचा. काठावरून ओळखते मी. त्यातलं पुरेल एवढं द्या."

"देतो ना. फणी आणलीस?"

"फणी दिली तर पोरांना काय घालू?"

"माझ्याकडे विणायला ये. भाकरीचा तुकडा टाकीन."

गिरजाने पंचांकडे पाहिलं. सगळ्यांना एकदम पानाला चुना लावायचं सुचलं होतं. मग ती भर पेठेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझ्या माणसाला तुमच्या घरातलं सूतसुद्धा नको. आणि आजपासून या गावात कुणाचंही माणूस गेलं, तर त्याचं कापड मी विणीन. हात चालतील तोवर. कुणाकडून काही घेणार नाही."

येसबाला तिने आपल्या लग्नाच्या लुगड्यात गुंडाळलं आणि तिसरा दिवस होताच मागावर बसली. पुढे सरकारी हुकुमाने गाव माळावर झोपड्यांत गेलं, तेव्हा तिने लिंबाखाली माग मांडला. फण्या देऊन बसलेले लोक येऊन सुताच्या कांड्या भरू लागले, ताणा लावू लागले. एका फणीवर सगळ्या गावाचं कापड निघू लागलं.

पंच माळावर सगळ्यांत आधी पोचले होते, हे सांगायला नकोच. नागूशेठ मात्र माडीत राहिला. "मी गेलो तर लोक तागे लुटतील," म्हणाला. लोक कशाला येतायत! आले ते उंदीर. एवढी मऊ जागा त्यांना साऱ्या गावात दुसरी नव्हती. त्यांनी ताग्यांत घरं केली, तिथेच ते मेले, आणि नागूशेठला ताप भरला.

तो गेल्यावर थोरल्या मुलाने, जनार्दनने, तागे उपसले. प्रत्येक तागा कुरतडलेला, सडका. बापावर घालायला हातभर कापड निघालं नाही. तो माळावर आला आणि लांबच उभा राहिला. लोक ओरडले, "सडू दे त्याला त्याच्याच ताग्यांत!"

गिरजाने मागावरचं कापड कापलं, घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

जनार्दन म्हणाला, "काकू, सगळ्यांच्या फण्या परत करतो."

"त्या तर तू करशीलच. हे असंच ने."

तिला दया आली, असं आमचे कीर्तनकार रंगवून सांगतात. माझी आजी वेगळं सांगायची. नागूशेठसाठी गिरजाचे डोळे ओले झाले नाहीत आणि हातही थांबला नाही. गावातलं एक माणूस मेलंय, एवढीच त्याची तिच्या लेखी किंमत उरली होती.

सरकारच्या प्लेगवाल्यांनी तागे जाळले आणि ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवली. पुढे तारळकरांनी पुन्हा छप्पर घातलं की वारा ते उडवी, असं म्हणतात. वाऱ्याला दुसरी कामं असतात. खरी गोष्ट अशी, की शाकारायला गावातला एकही माणूस वर चढला नाही.

आजही या पेठेत मर्तिकाच्या कापडाला किंमत नाही. कुणी दारात येऊन "पांढरं हवंय" म्हणालं, की दुकानदार हातातलं गिऱ्हाईक सोडून कापड फाडतो आणि देतो. घेणारा "किती झाले?" असं विचारत नाही. माडीच्या तळमजल्यावर नागूशेठच्या पणतूचं दुकान आहे. कापड फाडताना त्याचा हात अजून आखडतो, तोंड वाकडं होतं, पण देतो. न देऊन जाईल कुठे? मरणं त्याच्याही घरात होतातच.