चावडीच्या पायरीवरची राख

बोरवंडच्या चावडीत शिरताना पायरीवर राखेचा रुंद पट्टा लागतो. गावचे नारबातात्या तो पाहुण्यांना दाखवतात आणि डोळे मिटून सांगतात, की या राखेनं पंचांचं मन शुद्ध होतं. मनबिन काही नाही. तात्यांची पाठ वळली की बायका खरं सांगतात, ते असं.

फार मागे गावात राही नावाची विधवा होती म्हणे. चुलीतली राख लोक तेव्हा अशुभ मानून ओढ्यात फेकत. राही ती चाळून ठेवी. राखेनं भांडी घाशी, राखेच्या निवळीत गोधड्या धुई, बियाण्याच्या मुगाला राख चोळी. वांग्यावर मावा दिसला की दव वाळायच्या आत पानांवर भुरभुरवी. त्या साली गावाचे वेल किडीनं झडले, मुगाला भुंगा लागला. राहीचं सगळं जागच्या जागी.

झालं! म्हाताऱ्यांना दुसरं काय सुचणार? "नवरा खाल्लान्, आता आमचे वेल खाते. मसणातली राख आणते, दुसरं काय!" राही पाणवठ्यावर आली की बाया घागरी उचलून बाजूला होत.

संशय राहीलाही होताच. तिच्या पाटीतली राख आपोआप कमी होत होती. एकदा ती नदीवरून धुणं घेऊन परतली. गोगलगायी येऊ नयेत म्हणून दोडक्याच्या मांडवाभोवती तिनं राखेचं कडं घातलं होतं. त्यात अनवाणी पाऊल उमटलेलं. डावं. बोटं सहा. असा पाय गावात एकच होता. तिनं त्यावर कोंबड्यांचं डालं पालथं घातलं आणि गप्प बसली.

दुसऱ्याच दिवशी गोंदाजी पाटलानं चावडी भरवली.

"राही, आजच्या आज गाव सोड. तुझ्या राखेला शिवला तो मेला समजायचा."

"मग पाटील, तुम्ही अजून उभे कसे?"

राहीनं सगळ्यांना वाडीत नेलं, डालं उचललं. लोकांनी आधी पाऊल पाहिलं, मग पाटलाच्या वहाणा. पाटील काही वहाणा काढेना. तेवढ्यात मागून पाटलीणबाई म्हणाल्या, "अगं बाई! आपल्या मुगाला चोळलेली राख इथली होय? मला तर म्हणाले, देवाचा अंगारा आहे!"

राहीचं घर राहिलं. माफी कुणी मागितली नाही. थोरांना ती येतच नाही. तिनंही कुणाला मागायला लावली नाही. एवढंच म्हणाली, "दुसऱ्याचा निवाडा करायला बसाल, तेव्हा आधी आपलं पाऊल दाखवत जा." आणि आपल्या चुलीतली राख आणून चावडीच्या पायरीवर पसरली.

आजही बोरवंडात पंच वहाणा काढून त्या राखेत पाऊल उमटवल्याशिवाय बसत नाहीत, असं सांगतात. राख बायका आणतात, आणि पावलं बघायला थांबतात. पाहुण्यांना शुद्धीचं सांगून झालं, की नारबातात्या पायरीच्या अगदी कडेनं, राख चुकवून वर चढतात.

बायका तेही बघत असतात.