सावलीतला माठ

"मग सांगायचं तरी किती वेळा, अक्का? चार वेळा कळवलं होतं मी!"

वेण्णाकाठच्या मठात गिरजाक्का सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. समोर पराग उपासे. दवाखान्यांत पेशंटचे नंबर लावायचं सॉफ्टवेअर त्याचं. त्याच्या हुशारीबद्दल कुणालाच शंका नव्हती, त्याला स्वतःला तर मुळीच नव्हती.

"काय कळवलंस?"

"नंबर लावायचं बटण खाली होतं, ते वर घेतलं. काम लवकर उरकतं त्यानं. मेसेज केले, मेल केली, व्हिडिओसुद्धा पाठवला. तरी बेबीताई गोंधळल्याच."

बेबीताई एका दवाखान्यात एकोणीस वर्षं नंबर लावत होत्या. अपडेट आलं त्या सकाळी त्यांना बटण सापडेना. पेशंट ओरडायला लागले, डॉक्टर सगळ्यांदेखत नको ते बोलले. बेबीताईंनी परागला फोन केला. "माझंच चुकलं असेल, साहेब," एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या. त्या पुन्हा कामावर आल्याच नाहीत.

"सोमवारी हेच अपडेट आणखी दोनशे दवाखान्यांत जाणार आहे," पराग म्हणाला. "तुमचं बोलणं लोकांच्या मनात उतरतं. अपडेटबरोबर पाठवायला असा निरोप सांगा, की पुन्हा कुणाची बेबीताई होणार नाही."

अक्का तांदळातले खडे वेचत राहिल्या...

सकाळी आल्या आल्या परागनं एक चांगलं काम केलं होतं. ओसरीवरचा माठ उन्हात होता, तो त्यानं उचलून खांबापलीकडे सावलीत ठेवला. "माठ सावलीत घेतलाय हं!" असं मोठ्यानं सांगितलंही. "बरं केलंत," कोपऱ्यातल्या बाजेवरून दाजीबातात्या म्हणाले होते. तात्यांना दिसत नसे. बारा वर्षं ते मठातच राहत होते.

आता तात्या उठले. नेहमीची सहा पावलं चालले. नेहमीच्या जागी हात पुढे केला.

हात हवेतच राहिला...

"तात्या, इकडे! डावीकडे! नाही नाही, अजून पुढे!" पराग बसल्या जागेवरून ओरडला.

तात्या गर्रकन वळले आणि खांबावर आपटले. कपाळ चोळत ओशाळून हसले.

"माझंच चुकलं. मघाशी सांगितलं होतं तुम्ही."

परागचा चेहरा उतरला. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

अक्कांनी सूप बाजूला सारलं. दोन्ही हातांनी माठ उचलून पुन्हा जुन्या जागी आणून ठेवला आणि तात्यांचा हात झाकणावर टेकवला.

"पण अक्का, तिथं ऊन येतं..."

"येतं ना. उद्या हलवू, त्यांना बरोबर घेऊन. आत्ता त्यांना तहान लागलीय."

तात्या घटाघटा पाणी प्यायले. पराग बघत राहिला. त्यानं हळूच विचारलं, "मग सोमवारी काय लिहू?"

"बेबीताई राहतात कुठं?"

"कधी विचारलं नाही," तो म्हणाला.

अक्कांनी फुलपात्र भरलं आणि त्याच्या हातात दिलं.

"मग पाणी पिऊन घे. लांब जायचंय तुला."