आग थांबली तेव्हा

एकदा एका वैद्यबुवांकडे मिरचीचे एक व्यापारी आपल्या गिरणीतल्या हौसाला घेऊन आले. शेटजी स्वतः उठून मजुरणीला वैद्याकडे आणतात, तेव्हा काम शेटजींचंच असतं, हे वेगळं सांगायला नको. हौसा दिवसभर उघड्या हातांनी मिरच्यांचे देठ खुडायची. महिन्यापूर्वी हातांची अशी आग झाली होती की तान्ह्या लेकाला उचलवेना. वैद्यबुवा तेव्हा परगावी होते. त्यांच्या शिष्याने लेप दिला आणि काम चालू ठेवायला हरकत नाही, असंही सांगून टाकलं.

"आता आग होत नाही," हौसा म्हणाली. लेक तिच्या कडेवर झोपला होता.

"गुण आला, गुरुजी," शिष्य म्हणाला.

"मग एवढंच आमच्या बाकीच्या बायांना सांगा," शेटजी म्हणाले. "हातमोजे मागत बसल्यात. म्हणावं, चार दिवस सोसा, आपोआप थांबतं."

वैद्यबुवांनी चुलीवरचं कढत पाणी घंगाळात ओतवलं. "पोरी, हे बाळाच्या अंघोळीचं पाणी आहे असं समज आणि हात घालून सांग, कसं आहे." लेपाचा आणि अंघोळीचा संबंध काय, ते शिष्याला कळेना.

हौसाने बोटं बुडवली. "कोमट आहे की. चालेल त्याला."

वैद्यबुवांनी तिचा हात झटकन बाहेर काढला. "आता कोपर लाव."

कोपर टेकताच ती चटका बसून मागे सरकली.

वैद्यबुवा शिष्याकडे वळले. "याला गुण म्हणतोस? आपल्या कातडीत राखणदार बसलेले असतात. विस्तव जवळ आला की ते ओरडतात, आणि मिरची लागली तरी तेच ओरडतात. म्हणून तर आपण दोन्हीला आगच म्हणतो. महिनाभर ओरडून त्यांचा घसा बसला, आणि तू म्हणतोस, गावात चोर नाही. कोपराला मिरची लागली नाही, तिथले अजून जागे आहेत. आणि शेटजी, पाणी तापलेलंच आहे. घाला हात."

शेटजींनी हात उपरण्याखाली घेतले.

"मग दुसऱ्यांना सोसा म्हणायला जीभ कशी रेटते? हातमोजे येईपर्यंत एकही बाई देठ खुडणार नाही. मी गिरणीच्या दारात बसतो, बघू कोण कामाला लावतं ते. हाताला विश्रांती मिळाली, तर हिचे राखणदार पुन्हा बोलतील."

हौसाचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तिने लेकाचं झबलं वर केलं. पाठ लालबुंद झाली होती.

"सकाळी न्हाऊ घालताना फार रडला हो," ती म्हणाली. "मला वाटलं, भूक लागली."

शेटजी दाराकडे बघत राहिले. शिष्य उठला आणि गार पाण्याचं भांडं घेऊन आला. बाळाच्या पाठीवर पाणी घालण्याआधी त्याने ते स्वतःच्या कोपरावर ओतून पाहिलं.

कुणी ओरडायचं थांबलं की त्याचं बरं चाललंय असं आपण म्हणतो. म्हणण्याआधी एकदा कोपर लावून बघावं.