तायडे मास्तरांचा लाल दिवा

“लाल दिवा म्हणजे काय, ते सांग आधी.”

अंबरीश हसला. पेटंट घेतलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे कमालच. “रुळावर गाडी आहे, मास्तर.”

तायडे मास्तर रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. भुसावळच्या घरात त्यांनी बावीस वर्षं खपून टेबलभर छोटी रेल्वे मांडली होती. कोणत्या रुळावर गाडी आहे हे ओळखून दिवा आपोआप बदलणारी जोडणी त्यांचीच. अंबरीश आणि फिरोज, दोघेही ती याच टेबलाखाली उताणे पडून शिकले. पुढे अंबरीशने तिचं पेटंट आपल्या नावावर घेतलं आणि तीच जोडणी विकतो म्हणून फिरोजला नोटीस धाडली. फिरोजचं दुकान आता बंद पडायच्या बेतात होतं.

“सोमवारी कोर्टाचा माणूस हे टेबल बघायला येणार,” अंबरीश म्हणाला. “जोडणी जुनी आहे असं तुम्ही म्हणालात, तर माझं पेटंट गेलं. तुम्ही फक्त गप्प राहा.”

फिरोजला आलेली नोटीस त्यानेच इथे आणून दिली होती; मास्तरांनी ती उघडली. “‘परवानगीशिवाय ही जोडणी कोणीही वापरू नये.’ तू लिहिलंस?”

“वकिलांनी. ते तुमच्यासाठी नाही हो.”

“कोणीही म्हटलं की मीही आलो.”

तारा कापायचा कटर घेऊन, गुडघे धरत ते टेबलाखाली शिरले. कटर वाजला. एकदा... दोनदा... मग वाजतच राहिला.

“मास्तर, अहो, काय करताय!”

बावीस वर्षांच्या तारा फरशीवर पडत होत्या. फिरोजच्या बाजूचा एकुलता एक पुरावा मास्तर स्वतःच्या हाताने संपवत होते. अंबरीश खटला जिंकल्यात जमा होता आणि त्याला दरदरून घाम फुटला होता.

तार तुटली तरी दिवा लालच व्हायला हवा, ही रेल्वेची शिस्त मास्तरांनी या खेळातही पाळली होती. टेबलावरचे हिरवे दिवे एकेक करून लाल झाले. शेवटी सगळेच.

गाड्या कपाटात होत्या.

“रुळावर तर काहीच नाही...” अंबरीश कसाबसा बोलला.

मास्तर बाहेर आले. हात झटकले. कटर त्याच्या हातात ठेवला.

“लाल म्हणजे थांबायचं, बाळा. गाडी असो, नसो.”